रिकाम्या खुर्चीची व्याख्यानं

१

शुक्रवारी सकाळी विद्यापीठाच्या ई-लर्निंग केंद्रात मोठ्या पडद्यावर वाफसरांचं पहिलं लेक्चर लावण्यात आलं, आणि त्यात वाफसर नव्हते.

खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल होता. टेबल होतं, टेबलावर पाण्याचा भरलेला ग्लास होता, मागच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि ते इमानेइतबारे चालत होतं.

"सर येतच असतील," कुलगुरू म्हणाले.

सगळ्यांनी वाट पाहिली. पुढच्या रांगेत बसलेल्या वाफसरांनीही पाहिली. पडद्यावरचा मिनिटकाटा बराच खाली उतरला तेव्हा कुणीतरी दुसरं लेक्चर लावलं. खुर्ची. तिसरं. खुर्ची. शेवटच्यात टॉवेल धुवायला गेला होता, एवढाच काय तो फरक.

सोमवारी तपासणी समिती येणार होती. विद्यापीठाने वर्षभर डोंगरापलीकडच्या दूरच्या केंद्रात ई-लर्निंगने विद्यार्थी शिकवले होते. ते खरोखर शिकवले का, हे समिती पाहणार होती आणि केंद्र ठेवायचं की कुलूप लावायचं ते ठरवणार होती. आजची नुसती रंगीत तालीम होती.

"चोरी!" कुलगुरू उभे राहिले. "या विद्यापीठाचा ठेवा कुणीतरी लांबवलाय!"

वाफसर दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, पण त्यात कुणी नव्हतंच..."

"नाहीच हो सर, आता कुठलं कोण!" कुलगुरूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा."

वाफसर पदार्थविज्ञान शिकवत. त्यातही उष्णता हा विषय इतका जीव तोडून शिकवत की मुलांनी त्यांचं बारसं पुन्हा केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांना ठेवा म्हणालं होतं. ते खाली बसले आणि धीर धरू लागले.

पोर्टलचा पासवर्ड एकाच माणसाकडे होता: केंद्राच्या प्रमुख, ज्यांना विद्यापीठात सगळे ताई म्हणत. कुलगुरू त्यांच्याकडे वळले. "सोमवारपर्यंत चोर सापडला तर ठीक. नाहीतर समितीपुढे मला कुणाचं तरी नाव घ्यावं लागेल, आणि मला सध्या तुमचंच पाठ आहे."

तपास निःपक्षपाती व्हायला हवा होता. म्हणून तो ताईंच्या सख्ख्या धाकट्या बहिणीकडे देण्यात आला, कारण बाकी सगळ्यांना कामं होती.

२

धाकटी तर्कशास्त्र शिकवत असे. त्या विभागात यंदा एकच विद्यार्थी आला होता आणि तोही चुकून. विद्यापीठात तिला तर्कटबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तिनेच ते दारावर लावून टाकलं.

"मी नाही गं काही केलं," घरी आल्याआल्या ताई म्हणाली.

"माहितीये. तुला फ्रीजमधलं विरजण बदलायचं तरी सुचतं का? लेक्चरं कुठली बदलतेस!"

"थट्टा पुरे. केंद्र बंद झालं तर पलीकडची सगळी माणसं शिक्षणाला मुकतील. चाळिशीच्या बायका आहेत त्यात. संसार सांभाळून शिकतात."

"तू ही लेक्चरं चढवलीस तेव्हा पाहिली होतीस का?"

ताईने पदराशी चाळा केला. "पहिला सेकंद पाहिला होता. सर येतच असतील असं वाटलं."

"आणि मंजुरी कुणी दिली?"

"विभागप्रमुखांनी. त्यांनी पाहिलं असेल म्हणून मी पाहिलं नाही. आणि मी पाहिलं असेल म्हणून..."

"...त्यांनी पाहिलं नाही. छान. म्हणजे वर्षभरात ही लेक्चरं कुणी पाहिलीच नाहीत?"

"असं कसं? विद्यार्थ्यांनी पाहिली की! सगळ्यांनी, शेवटपर्यंत. शेवटपर्यंत चालवल्याशिवाय हजेरीच लागत नाही. आणि खाली अभिप्रायही आहेत." ताईने मोबाईल पुढे केला.

अभिप्राय उत्तम होते. सगळ्यांनी पाचपैकी पाच तारे दिले होते. एकाने लिहिलं होतं, "सर अतिशय शांतपणे शिकवतात." दुसरीने लिहिलं होतं, "घाई अजिबात करत नाहीत."

तर्कटबाईने ते दोनदा वाचले. मग तिने सगळी लेक्चरं एकामागून एक पाहायला घेतली. त्यात पाहण्यासारखं काहीच नसल्यामुळे तिने ती फार नीट पाहिली.

पाचव्या लेक्चरमध्ये घड्याळाचा काटा अर्ध्यावर आला असताना तिने ताईला हाक मारली. "इकडे ये. ग्लासकडे बघ."

पडद्याच्या कडेने एक हात आत आला. शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, बोटांना खडू. हाताने ग्लास उचलला, बाहेर नेला आणि थोड्या वेळाने अर्धा करून परत ठेवला.

"अगं बाई," ताई म्हणाली, "खोलीत कुणीतरी आहे!"

३

स्टुडिओ म्हणजे जुनं स्टोअर. भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या आणि दारावर लाल दिवा होता. स्टुडिओचा तंत्रज्ञ 'बटण' या नावाने ओळखला जाई, कारण त्याच्या कामाचा तोच गाभा होता.

"मॅडम, माझं काम सरळ आहे. सर आत जातात. मी बटण दाबतो. लाल दिवा लागतो. मी बाहेरून दार ओढून घेतो. तास संपला की दार उघडतो, बटण दाबतो, सर बाहेर येतात."

"मधल्या वेळात?"

"कॅन्टीन."

"म्हणजे आत काय चाललंय ते तुम्ही बघत नाही?"

"कसं बघणार? आत उभा राहिलो तर माझा खोकला रेकॉर्ड होतो. एका लेक्चरमध्ये भूगोलाच्या सरांपेक्षा मीच जास्त आहे. तेव्हापासून नियमच केला. रेकॉर्डिंगला आत एकटे सर. दुसरं चिटपाखरू नाही."

"आणि दार आतून उघडतं?"

"नाही ना! दोन वेळा मीच अडकलोय."

तर्कटबाईने खिडकी पाहिली. गादीमागे होती. हात, खडू, बाही. खोलीत तो हात एकाच माणसाचा असू शकत होता. आणि ग्लास मध्येच अर्धा होतो, घड्याळ न उडी मारता चालत राहतं, म्हणजे कुणी काही कापलं नव्हतं, काही बदललं नव्हतं. ही लेक्चरं चोरीनंतरची नव्हती. मूळचीच होती.

"वाफसर रेकॉर्डिंग करून बाहेर यायचे तेव्हा कसे दिसायचे?"

बटणने विचार केला. "परीक्षेत कोरा पेपर देऊन आल्यासारखे."

तिला आता चोर कोण हे शोधायचं नव्हतं. चोरीच झाली नव्हती. पण त्यातून एक त्याहून चमत्कारिक प्रश्न निघत होता, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत ताईची सुटका नव्हती. उलट चोरी नाही असं सांगितलं तर समिती म्हणणार, म्हणजे तुम्ही वर्षभर माणसांना खुर्ची शिकवलीत.

४

त्याच विषयाचं गाईड लिहिणारे एक सर होते. सगळे त्यांना गाईडवाले म्हणत. लेक्चरं नाहीशी झाली तर गाईड खपणार, म्हणून कॅन्टीनने त्यांना कधीच दोषी ठरवलं होतं.

"मी?" गाईडवाले उखडले. "त्या पलीकडच्या केंद्रात माझं एकही गाईड जात नाही! विचारा पुस्तकवाल्याला. मग मी कशाला उपद्व्याप करू?"

"एकही नाही? मग ते लोक शिकतात कशावरून?"

"कॉपी करतात!" गाईडवाले पुढे सरकले. "त्यांची तोंडी परीक्षा मीच घेतली. उत्तरं ऐकाल तर थक्क व्हाल, इतकी बरोबर. तिथेच मला संशय आला."

"तोंडी परीक्षेत कॉपी?"

"तेच तर! पहिली बाई आली. शिवणकाम करते. मी विचारलं, दाब वाढला की पाणी उशिरा का उकळतं? तिने कुकरचं उदाहरण दिलं, झकास समजावून सांगितलं, आणि मध्येच मान वळवून म्हणाली, 'अगं, गॅस बारीक कर.' आणि पुढे चालू."

"सवय असेल घरची."

"मीही तेच म्हटलं. पण दुसऱ्यानेही म्हटलं. त्याच जागी. तिसरीनेही. चौथा तर अविवाहित आहे हो! खानावळीत जेवतो! तोही मान वळवून म्हणतो, अगं, गॅस बारीक कर!"

"तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?"

"विचारलं. एकदम गप्प. जसं काही मी त्यांच्या घरातलं काही विचारलं."

गाईडवाल्यांनी सुस्कारा सोडला. "नापास करायला जागा नव्हती. उत्तरात तेवढंच वाक्य जास्तीचं, आणि तेही शास्त्रीयदृष्ट्या बरोबर."

५

वाफसरांच्या घरी दार काकूंनी उघडलं.

"या. पण त्यांना बोलायला लावू नका. घसा बसलाय."

"कालपासून?"

"दर आठवड्याला बसतो. रविवारी बसला की शनिवारपर्यंत बसलेलाच. आता मला सांगा, माझ्याशी हा माणूस दिवसाला दोन वाक्यं बोलतो. त्यातलं एक 'वाढ' आणि दुसरं 'पुरे'. रविवारी भावजींशी फोन होतो तेवढाच. मग घसा बसतो कशाने?"

वाफसर आतल्या खोलीत खुर्चीत बसले होते. बाही कोपरापर्यंत दुमडलेली. ती बसली तसे ते उठून उभे राहिले आणि येरझारा घालू लागले. त्यांना बसून बोलता येत नसावं.

"सर, तुमच्या लेक्चरांबद्दल..."

"ताईंचं काय होईल?" त्यांनी घोगऱ्या आवाजात मध्येच विचारलं.

"सोमवारी काढून टाकतील बहुतेक."

वाफसर थबकले. चेहरा पार उतरला. "मी कुलगुरूंना सांगायला दोनदा गेलो होतो. पहिल्यांदा त्यांनी माझं सांत्वन केलं. दुसऱ्यांदा सत्कार ठरवला. तिसऱ्यांदा जायची हिंमत होत नाही, पुतळा उभारतील."

"काय सांगायला गेला होतात?"

त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. वाफसरांची मान आपोआप दाराकडे वळली.

"अगं," ते म्हणाले, "गॅस बारीक कर."

६

तर्कटबाईने त्यानंतर त्यांना काही विचारलं नाही. जे विचारायचं होतं ते डोंगरापलीकडे होतं.

रविवारी सकाळी ती बसने निघाली. वाटेत वाफसरांचं घर लागलं. ते गॅलरीत गळ्याला मफलर गुंडाळून गरम पाणी पीत उभे होते. तिने खिडकीतून हात केला. त्यांनी दचकून ग्लास मागे लपवला, जणू ग्लासानेच घोटाळा केला होता.

बस घाट चढत असताना ती मनात मांडणी करत होती. सगळे विचारत होते, लेक्चरं कुणी चोरली. तिचा प्रश्न वेगळा होता. वर्षभर ज्यांना शिक्षकाऐवजी खुर्ची दाखवली गेली, त्या लोकांनी एकदाही तक्रार का केली नाही? दुकानदाराने रिकामी पिशवी दिली तर माणूस रस्त्यात उभा राहून भांडतो. हे लोक पाच तारे देतात आणि शांतपणाचं कौतुक करतात. तक्रार कोण करत नाही? ज्याला काही कमी पडलेलं नसतं तो. म्हणजे यांना उष्णता दुसरीकडून मिळत होती. पुस्तकातून नाही, गाईड तिकडे जात नाही. जिथून मिळत होती तिथे खडू नव्हता, फळा नव्हता, पण गॅस होता.

केंद्र म्हणजे शाळेच्या आवारातली एक बैठी खोली. दार लोटलेलं होतं. ती दारापाशी पोचली आणि जागच्या जागी थांबली.

आतून आवाज येत होता. घुमणारा, घोगरा, ओळखीचा. वाफसर शिकवत होते.

आणि वाफसरांना तर ती डोंगराच्या त्या बाजूला गॅलरीत सोडून आली होती.

७

तिने दार ढकललं.

आत दहा-पंधरा माणसं जमिनीवर गोल करून बसली होती. मध्ये एक भलंमोठं रिकामं पातेलं होतं. सगळे पातेल्यात बघत होते. पातेलं बोलत होतं.

"...म्हणजे उष्णता आपणहून नेहमी गरमाकडून गाराकडेच जाते. समजलं?"

"नाही सर!" एक बाई पातेल्यात वाकून म्हणाली.

"शाब्बास. कुठे अडलं?" पातेलं खुशीत म्हणालं. पातेल्याच्या तळाशी एक साधा मोबाईल पडला होता, बटणांचा.

कोपऱ्यात, झालर लावलेल्या कापडाखाली अर्धवट झाकलेला, विद्यापीठाने दिलेला संगणक होता. त्यावर वाफसरांची खुर्ची चालू होती. हजेरीसाठी.

मधल्या सुट्टीत ती वाकलेली बाई बाहेर आली. शिवणकाम करणारी हीच, वर्गाची मॉनिटर. "तुम्ही विद्यापीठाच्या ना? सरांना काही करू नका हो."

"मी ताईंची बहीण."

"अगंबाई! मग बसा." तिने पायरी पदराने झटकली. "सुरुवातीला आम्ही खुर्ची बघितली. वाटलं, आमचं नेटच तसलं. इथे बाकीच्या सरांची लेक्चरं अडकतात, तोंड उघडं ते उघडंच राहतं. वाफसरांचं अडकलं तरी कळत नाही. शेवटी मी सरांना फोन लावला. म्हटलं, सर, तुम्ही दिसत नाही. सर आधी खाकरले. मग म्हणाले, काय अडलंय ते विचारा. मी विचारलं. तेव्हापासून दर रविवारी."

"आणि पातेलं?"

"स्पीकर लहान ना! पातेल्यात ठेवला की मागच्यालाही ऐकू जातं. आधी घागर घेतली होती, पण घागरीतून सर फार गंभीर वाटायचे."

"तक्रार का नाही केलीत?"

मॉनिटरने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही तर्कशास्त्र शिकली तरी कुठे. "तक्रार केली असती तर सरांना नेऊन पुन्हा त्या खुर्चीत बसवलं असतं."

"मग उद्या मी समितीला हे सांगितल्यावर काय होईल?"

मॉनिटरने पायरी पुन्हा एकदा झटकली. मग म्हणाली, "उद्या आम्ही फोन चालू ठेवतो. लागलंच तर लावा."

८

सोमवारी सभागृहात समिती बसली. अध्यक्षीणबाई चष्म्यावरून बघत होत्या. कुलगुरूंनी 'ठेवा' शब्दाने सुरुवात केली आणि ते 'विश्वासघात' या शब्दापाशी येऊन ताईकडे बोट दाखवणार, तोच तर्कटबाई उभी राहिली.

"चोर सापडला?" कुलगुरूंनी विचारलं.

"चोर नाहीच. कारण चोरीला जायला लेक्चरं नव्हती."

मग तिने ग्लास सांगितला, घड्याळ सांगितलं, आतून न उघडणारं दार सांगितलं. "रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीत एकच माणूस होता आणि तो खुर्चीत नव्हता. मग होता कुठे? हात पडद्याच्या कडेने यायचा, कॅमेऱ्याच्या बाजूने. सर, तुम्हीच सांगाल?"

वाफसर उठले.

"मी बसायचो खुर्चीत. बटण दार लावून जायचा. लाल दिवा लागायचा. समोर बघायचो तर समोर कुणीच नाही." त्यांनी मफलर सैल केला. "सबंध नोकरीत मी कधी रिकाम्या वर्गाला शिकवलेलं नाही. शब्दच फुटेना. म्हटलं, वर्गात निदान एक तरी विद्यार्थी हवा. म्हणून मीच उठून समोर जाऊन बसलो. आणि मग शिकवायला कुणी उरलं नाही."



"दर वेळी?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"दर वेळी वाटायचं, आज जमेल. खडू घेऊन जायचो. तिथे फळाही नाही. मध्ये तहान लागायची." त्यांनी ताईकडे पाहिलं. "ताईंचा यात काडीचाही दोष नाही. ठेवा म्हणाले आणि मी भुललो. काढायचं तर मला काढा."

"दोष न पाहण्याचा आहे," अध्यक्षीणबाई रुक्षपणे म्हणाल्या. "तो पोर्टलवर बऱ्याच जणांत वाटून घेता येईल. पण तुम्ही शिकवलं नाही आणि मुलं शिकली, हे कसं?"

तर्कटबाईने कॅन्टीनमधून मागवलेलं पातेलं टेबलावर ठेवलं, त्यात आपला मोबाईल ठेवला आणि नंबर लावला.

"बोला!" पातेलं म्हणालं. मॉनिटरचा आवाज होता.

अध्यक्षीणबाई काही क्षण पातेल्याकडे बघत राहिल्या. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी त्यात वाकून विचारलं, "दाब वाढला की पाणी उशिरा का उकळतं?"

पातेल्याने उत्तर दिलं. सविस्तर, सोपं, चोख. आणि मध्येच, जिथे यायचं तिथे, "अगं, गॅस बारीक कर" हेही आलं.

मागच्या रांगेतून गाईडवाले ओरडले, "हेच ते! हेच ते!"

सरांसोबत आलेल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या काकू पुढे आल्या. "हे तुम्ही मला म्हणता ना दर रविवारी? अहो, मला वाटायचं, फोनवर धाकट्या भावजींशी बोलता. भावजींना वाफेत एवढा रस कधीपासून, हे विचारायचं राहूनच गेलं."

समितीने केंद्र चालू ठेवलं आणि ताईला तिथेच ठेवलं. अटी दोनच घातल्या: मंजुरी देणाऱ्याने लेक्चर पाहायचं, आणि रविवारचा फोन वेळापत्रकात घ्यायचा. अहवालात 'पातेलं' शोभेना, म्हणून तिथे 'ध्वनिवर्धक पात्र' असं लिहिण्यात आलं. कुलगुरूंनी लगेच सगळ्या केंद्रांना झाकणासकट पात्रं पाठवायचा हुकूम काढला. झाकण कशाला, ते त्यांना कुणी विचारलं नाही.

९

मंगळवारी ताईने स्टुडिओत कॅमेऱ्याच्या शेजारी आणखी एक खुर्ची नेऊन ठेवली.

"बस," ती धाकटीला म्हणाली.

"मी कशाला? तुझं केंद्र आहे."

"माझं पदार्थविज्ञान पक्कं आहे. तुझ्या विभागात तसंही कुणी नाही. बस म्हणते ना!"

वाफसर समोरच्या खुर्चीत बसले. टॉवेल धुऊन आला होता. ग्लास भरलेला होता. बटणने बटण दाबलं, लाल दिवा लागला, दार ओढलं गेलं.

वाफसरांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. ओठ हलले. आवाज आला नाही. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले. ते उठण्याच्या बेतात होते.

"सर," तर्कटबाई म्हणाली, "दाबाचं ते मला कालही समजलं नाही."

वाफसरांचे हात सैल झाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर हळूहळू ऊन पसरावं तसं काहीतरी पसरलं.

"शाब्बास," ते म्हणाले. "कुठे अडलं?"

तास संपेपर्यंत ते थांबले नाहीत. मधून उठले, चालले, पडद्याबाहेर गेले, परत आले. ग्लासला हात लावायचं भानच राहिलं नाही. बटणने दार उघडलं तेव्हा ते एका नव्या उदाहरणाच्या मध्यात होते आणि त्यांनी त्यालाही बसवून घेतलं.

जुनी लेक्चरं पोर्टलवरून काढायला ताई विसरली. नव्याखाली पहिला अभिप्राय मॉनिटरचा आला. चार तारे.

"सर मध्ये मध्ये बोलतात," असं तिने लिहिलं होतं, "पण सवय होईल."